‘लागलं नाही ना?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं की नाही?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी करतात. पत्नीचं वय ३६, मुलं ९ आणि ६ वर्षांची, घरात त्यांची आईही असते. चार वर्षांपासून पत्नीचं हात धुणं वाढत गेलं आहे. दुधाची पिशवी आली की ती साबणाने धुतली जाते, मग बेसिन, मग नळ, मग पुन्हा हात. मुलं शाळेतून आली की दारातून थेट बाथरूममध्ये जातात, दप्तरं बाहेरच राहतात. दिवसभर नवऱ्याला एकच प्रश्न: ‘माझा हात कडीला लागला नाही ना?’ आईंच्या मते सून पहिल्यापासून सोवळ्याओवळ्याची, त्यात विशेष काही नाही. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडून रक्त येऊ लागलं, तेव्हा हे पती-पत्नी शहरातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. दोन भेटींत प्रश्न विचारून ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) असं निदान झालं आणि कागदावर २७ हा आकडा आला. तिसऱ्या भेटीत त्यांना दाराची कडी धरायला सांगून पाऊण तास हात धुवू दिले नाहीत. त्या रडल्या आणि आता पुन्हा जायला तयार नाहीत. पत्रलेखक विचारतात: रक्त-एमआरआय काहीच न करता नुसत्या दहा प्रश्नांवर आजार कसा ठरवला? शाईच्या डागांची मोठी टेस्ट करून घ्यावी का? असा रडवणारा उपचार योग्य आहे का, की मन शांत करणारं, लहानपणातलं मूळ शोधणारं समुपदेशन बरं? की सरळ गोळ्या घ्याव्यात? शिवाय सायकॉलॉजिस्ट म्हणतात की तुम्ही पत्नीच्या प्रश्नाला उत्तर देणं थांबवा. ‘दिवसातून तीस-चाळीस वेळा “नाही लागला” म्हटलं तर माझं काय जातं? तिला तेवढंच बरं वाटतं.’

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते प्रेमाने लिहिलेलं आहे, आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय. पण तिथवर येण्याआधी तपासणीची शंका मिटवू, कारण निदानावर विश्वास नसेल तर पुढचं काहीच पटणार नाही.

ओसीडी, म्हणजे जुन्या मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणत, तो दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. थायरॉइड, बी-१२ हे डॉक्टर बघायला सांगतात ते थकव्यामागे किंवा घाबरं होण्यामागे दुसरं काही कारण नाही ना, एवढ्यासाठी. निदान होतं ते मुलाखतीतूनच. नको असताना मनात घुसणारा विचार आहे का, तो दाबायला काही कृती पुन्हा पुन्हा करावी लागते का, आणि त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का किंवा घर-काम-झोप यांचं नुकसान होतं का, हे त्यात पाहतात. तुमच्या पत्नींच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर ‘हो’ असं आहे, हे तुमच्या पत्रावरूनही दिसतं.

ज्याला तुम्ही दहा प्रश्नांचा कागद म्हणालात ती येल-ब्राऊन मापनपट्टी. वेन गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८९ साली प्रसिद्ध केली आणि आज जगभर ओसीडी त्याच पट्टीने मोजतात. पाच प्रश्न विचारांबद्दल आणि तेच पाच कृतींबद्दल: किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती होतो, तुम्ही विरोध किती करता आणि ताबा किती राहतो. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. दिवसाचा एक ते तीन तास वेळ जात असेल तर त्या प्रश्नाला दोन गुण, तीन ते आठ तास असेल तर तीन. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. तुमचा २७ हा आकडा तीव्र गटात बसतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या पट्टीने आजार ठरवला नाही, आजार किती आहे ते मोजलं. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, तसंच हे. दहा प्रश्नांच्या आधी पन्नासहून जास्त लक्षणांची एक यादी विचारली जाते: घाण-जंतूंची भीती, कुलूप-गॅस तपासणं, मोजणं, वस्तू सरळ रेषेत लावणं, देवाधर्माबद्दल वाईट विचार येणं, आपल्याच हातून कुणाला इजा होईल अशी धास्ती. तुमच्या दोन भेटी बहुधा या यादीत गेल्या असतील, आणि त्या वाया गेलेल्या नाहीत. बायका हात धुण्याबद्दल बोलतात, पण ‘भाजी चिरताना सुरी बाळाला लागेल असं मनात येतं’ हे वर्षानुवर्षं लपवतात. आपण राक्षस आहोत असं त्यांना वाटत असतं. स्टॅनले रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या दोघांनी १९७८ साली दाखवलं की असे विचित्र, नकोसे विचार आजारी नसलेल्या बहुतेक माणसांच्याही मनात येतात. आजार सुरू होतो तो विचाराला आपण काय उत्तर देतो तिथे.

शाईच्या डागांच्या टेस्टचं म्हणाल तर ती रोर्शाक चाचणी, १९२१ सालची, दहा पत्त्यांची. तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. पण ओसीडी आहे की नाही, किती आहे, उपचाराने कमी झाला की नाही, यांतलं काहीच ती सांगत नाही. ५६७ प्रश्नांच्या एमएमपीआय या व्यक्तिमत्त्व चाचणीची गतही इथे जवळपास तीच. ‘मोठी टेस्ट म्हणजे खोल तपासणी’ हा समज लॅबच्या बिलांवरून आपल्या मनात बसलाय. मानसिक तपासणीत उलट असतं. जी चाचणी पुढचा निर्णय बदलत नाही, ती करू नये.

त्याऐवजी पुढच्या भेटीत हे विचारा की नैराश्य तपासलं का. ओसीडीबरोबर ते वरचेवर येतं. त्यासाठी पीएचक्यू-नाइन नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते आणि तिचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर काय आलं ते सायकॉलॉजिस्टला माहीत असलंच पाहिजे. हात धुण्याखेरीज मनातल्या मनात काही चालतं का, जप, आकडे, ‘नको नको’ असं म्हणणं, हेही पाहिलं गेलं पाहिजे. आणि घरातले काय काय करतात, याची स्वतंत्र चौकशी हवी.

तुमच्या आईंच्या म्हणण्याबद्दल दोन शब्द, कारण पुष्कळ घरांत हाच अडसर असतो. सोवळ्यात आणि मंत्रचळात एक फरक सहज कळतो. सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, सोवळं नेसलं, नैवेद्य झाला की ते संपलं, आणि ते संपल्याचं समाधान मिळतं. मंत्रचळात ‘झालं’ ही जाणीवच येत नाही, म्हणून हात अकराव्यांदा धुतले जातात. दुसरं असं की, सोवळं पाळणारी घरातली दुसरी बाई त्याच रीतीने वागते. इथे आयुष्यभर सोवळं पाळलेल्या तुमच्या आईसुद्धा दुधाची पिशवी साबणाने धूत नाहीत. आईंना हे असं सांगून पाहा. ‘तुमचं चुकतंय’ या शब्दांपेक्षा ते पटकन पोचेल.

आता त्या पाऊण तासाकडे येऊ.

या उपचाराचं नाव ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मराठीत सांगायचं तर, ज्याची भीती त्याच्या जवळ जायचं आणि नंतरची शुद्धीची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये दोन रुग्णांवर केलेला असा उपचार प्रसिद्ध केला. तेव्हा तो दवाखान्यात भरती करून, नर्सेसच्या पहाऱ्यात, खोलीतला नळसुद्धा बंद ठेवून केला होता. आज तसं कुणी करत नाही आणि करूही नये. आज किती भीतीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची, ती पायरी रुग्ण निवडतो, हात स्वतः पुढे करतो आणि धुवायचं की नाही हेही तोच ठरवतो. सायकॉलॉजिस्ट शेजारी असतात.

म्हणून तुमची तक्रार मला निम्मी खरी वाटते. रडू आलं म्हणून उपचार चुकीचा ठरत नाही. ईआरपीत भीती वाटणं अपेक्षित असतं, किंबहुना भीती वाटलीच नाही तर पायरी फार सोपी होती. पण तुम्ही लिहिलंत की पत्नींनी त्या कडीला भीतीचे शंभरापैकी सत्तर गुण दिले होते, आणि पहिल्याच दिवशी तीच धरायला लावली. ‘धुवू दिले नाहीत’ हे तुमचे शब्द आहेत. खरंच तसं झालं असेल, म्हणजे त्यांनी ठरवलं नव्हतं आणि त्यांना अडवलं गेलं, तर पायरी फार वरची घेतली आणि घाई झाली. हा उपचाराचा दोष नव्हे, शिडीचा आहे. तो दुरुस्त करता येतो.

शिडी कशी असते ते सांगतो. शून्य म्हणजे निवांत आणि शंभर म्हणजे आता जीव जाईल इतकी भीती, अशा मापाने घरातल्याच वीस-पंचवीस गोष्टींना गुण द्यायचे. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला हात लावणं २५. हॉलमधलं दिव्याचं बटण ३५. दुधाची पिशवी नुसत्या पाण्याने एकदा धुऊन कापणं ४५. दप्तर सोफ्यावर ठेवू देणं ६०. दाराची कडी ७०. एसटीच्या दांड्याला धरून आल्यावर तसाच चहा पिणं ८०. स्टँडवरच्या संडासाची कडी ९५. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या घरचे वेगळे निघतील. सुरुवात तीस ते पन्नासच्या मधून होते. एक पायरी रोज, शक्यतो दिवसातून दोनदा, सलग सात-आठ दिवस करायची. वरची पायरी तेव्हाच घ्यायची जेव्हा ही पायरी कंटाळवाणी वाटू लागते. कंटाळा हे चांगलं लक्षण आहे.

दुधाच्या पिशवीचंच उदाहरण घेऊ, कारण ती रोज सकाळी येते. पिशवी हातात घेण्याआधी पत्नींनी वहीत एक ओळ लिहायची: ‘साबण न लावता पिशवी कापली तर आज रात्रीपर्यंत धाकट्याला उलट्या होतील, खात्री ८० टक्के.’ मग पिशवी पाण्याखाली एकदा धरायची, कात्रीने कोपरा कापायचा, दूध पातेल्यात ओतायचं. कात्री पुसून जागेवर. बेसिन आणि नळ धुवायचा नाही. हात ओट्यावर ठेवून पाच-पाच मिनिटांनी भीतीचा आकडा लिहायचा: ४५, ६०, ६०, ५५, ४०. पुष्कळदा तो अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. कधी उतरत नाही, तरी हरकत नाही. ‘साठावर असूनही मी दूध तापवलं, डबे भरले’ हे शिकणं त्याहून मोलाचं आहे. रात्री वही उघडून भाकीत खरं ठरलं का ते पाहायचं. मात्र मुलाच्या कपाळाला दर तासाने हात लावून ताप बघायचा नाही. ती शुद्धीचीच दुसरी तऱ्हा झाली.

ईआरपी फसते ती बहुधा अशा चोरवाटांनी. हात साबणाने धुतले नाहीत, पण पदराला पुसले. पाऊण तास थांबल्या, पण मनात ‘नंतर धुवीनच’ हा हिशेब चालू होता, मग ते थांबणं म्हणजे नुसती उधारी. कडी धरली, पण करंगळीच्या टोकाने. मनातल्या मनात अकरा वेळा देवाचं नाव घेऊन घाण ‘काढून टाकली’. जपाला माझी ना नाही, पूजेच्या वेळी तो जरूर करावा, पण कडीला हात लागल्यावरचा जप हा साबण आहे. आणि एखाद्या दिवशी राहवलं नाही, हात धुतलेच, तर दिवस वाया गेला असं मानायचं नाही. लगेच परत त्याच पिशवीला हात लावायचा, म्हणजे धुण्याचा फायदा आजाराला मिळत नाही.

तुम्हाला भीती असेल की हे लोक स्वच्छताच सोडायला लावतील. तसं नाही. संडासानंतर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, हाताला माती-तेल दिसलं तर हात धुवायचे, साबण एकदा, वीस सेकंद. ते वीस सेकंद मनात मोजू नका, मोजणं स्वतःच विधी बनतं. किचनमधला टायमर लावा, तो वाजला की नळ बंद. बोटांच्या चिरांसाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. चिरा असलेल्या हातांना साबण झोंबतो, आणि झोंबलं की ‘अजून काहीतरी राहिलंय’ असं वाटतं.

मन शांत करणारं समुपदेशन याहून बरं का? दीर्घ श्वास, शिथिलीकरण हे झोपेला, ताणाला उपयोगी आहे. पण ओसीडीवर त्याचा परिणाम इतका थोडा होतो की संशोधक ईआरपीचा कस पाहताना त्याचा तुलनेसाठीचा फिका उपचार म्हणून वापर करतात. शिवाय कडी धरल्यावर लगेच श्वासाचा व्यायाम करून भीती घालवली, तर तो श्वासच नवा साबण होतो. लहानपणातलं मूळ शोधण्याबद्दल एवढंच म्हणेन की आजार कशाने सुरू झाला आणि आज कशावर चालतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही लिहिलंत की धाकटा दोन वर्षांचा असताना गॅस्ट्रोने ॲडमिट होता आणि तिथून हे वाढलं. ती हकीकत सायकॉलॉजिस्टला जरूर सांगा, पत्नींच्या मनातलं भाकीत त्यावरूनच कळतं. पण ती दहा वेळा उगाळून दुधाची पिशवी सोपी होत नाही.

गोळ्यांचा पर्याय खरा आहे, तो कमी लेखू नका. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्हॉक्सामीन, एस्सिटालोप्राम या गटातली औषधं ओसीडीत चालतात. तीही पुष्कळदा नैराश्यापेक्षा जास्त डोसमध्ये लागतात, आणि गुण आला की नाही हे ठरवायला दहा-बारा आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं, ही सर्रास होणारी चूक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाहीत, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवेत. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली क्लोमिप्रामीन ही गोळी, ईआरपी, दोन्ही मिळून, आणि औषध नसलेली नुसती गोळी अशी तुलना प्रसिद्ध केली. तिन्ही उपचार औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले, आणि ईआरपी क्लोमिप्रामीनपेक्षा सरस ठरली. तरीही तुमच्यासारख्या ठिकाणी, २७ गुण, झोप उडालेली आणि पत्नी थेरपीला नको म्हणताहेत, तिथे मी आधी मनोविकारतज्ज्ञांची एक भेट सुचवेन. औषधाने भीती थोडी उतरली की शिडी चढणं जमतं. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. मात्र ‘घाबरल्यावर एक घ्या’ अशी झटपट शांत करणारी अल्प्राझोलामसारखी गोळी कुणी दिली असेल, तर ती सरावाच्या आधी घ्यायची का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. ती घेऊन केलेल्या सरावातून मेंदू ‘गोळीमुळे वाचलो’ एवढंच शिकतो. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

आता तुमचं ते वाक्य.

पत्नी विचारतात, ‘लागला नाही ना?’ तुम्ही म्हणता, ‘नाही.’ त्यांचा चेहरा सैल होतो. किती वेळ? तुम्हीच लिहिलंय, पाच-सात मिनिटं. मग पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे तुमचं ‘नाही’ हात धुण्याचंच काम करतंय, फक्त साबण तुमच्या तोंडात आहे. त्याने त्यांना दर वेळी एकच धडा मिळतो: शंका आली की ती मिटवल्याशिवाय जगता येत नाही. दप्तरं बाहेर ठेवणं, मुलांना दारातून आंघोळीला पाठवणं, ऑफिसातून आल्यावर तुम्ही कपडे व्हरांड्यात बदलणं, हेही त्यातलंच. यात तुमचा गुन्हा काही नाही. ओसीडीच्या जवळपास प्रत्येक घरात हे होतं, कारण आपलं माणूस तळमळताना पाहवत नाही. ‘तिला त्रास होऊ नये’ या एकाच ठरावावर चार वर्षं घर चाललं आणि त्रास वाढला. तो ठराव बदलायचा आहे.

पण उद्या सकाळी उठून उत्तर देणं बंद करू नका. ते शिक्षेसारखं लागेल, भांडण होईल, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही हराल. हरून दिलेलं उत्तर सर्वांत वाईट, कारण ‘जास्त वेळ विचारलं की मिळतं’ हे शिकवलं जातं.

पहिला आठवडा नुसतं मोजा. कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात उत्तर दिलं की एक काडी. दुसऱ्या आठवड्यात, त्या शांत असताना, दोघांनी मिळून एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ रात्री ८ ते १०. त्या दोन तासांत उत्तर नाही. त्या वेळी काय म्हणायचं ते वाक्य त्यांनीच निवडायचं आणि त्यांच्याच अक्षरात लिहून फ्रिजवर लावायचं. ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. मी उत्तर देणार नाही, पण इथेच बसतो’ असं काहीतरी. तुम्ही मग खरंच तिथे बसायचं. मोबाइल बघत नाही, उपदेश करत नाही, ‘बघ, काही झालं का?’ असंही म्हणत नाही, कारण तेही उत्तरच. पहिले काही दिवस प्रश्न वाढतील, आवाज चढेल. उपचार बिघडल्याचं ते लक्षण नाही, आजार आपला रतीब मागतोय. दोन तास निभले की वेळ वाढवा.

मुलांचं काम यात वेगळं आणि लवकर घ्यायचं. नऊ वर्षांच्या मुलीला ‘आईने हात धुतले तर मला सांग’ असं कधीही सांगू नका, तिला पोलीस करू नका. दप्तराची पायरी साठाची आहे म्हणून ती महिन्याभराने येईल. पण शाळेतून आल्यावर आंघोळीऐवजी हातपाय धुणं इतपत बदल सायकॉलॉजिस्टशी बोलून आधी करून पाहता येतो. मुलांना एवढं सांगा: आईला एक आजार आहे, तो तिला खोटी भीती दाखवतो, आई त्याच्याशी लढतेय, तुमची काही चूक नाही.

पत्नी पुन्हा जायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी एक सुचवतो. त्यांना ‘उपचाराला चल’ म्हणू नका. फक्त शिडी लिहायला एक भेट मागा, ज्यात कशालाही हात लावायचा नाही, असं आधीच फोनवर ठरवून घ्या. त्याच सायकॉलॉजिस्टना विचारा: पायऱ्या कोण ठरवणार? मध्येच थांबावंसं वाटलं तर काय? आठवड्याला किती भेटी, किती मिनिटांच्या? घरी रोजचा सराव काय? नीट शिकलेली व्यक्ती या प्रश्नांनी चिडत नाही. साधारण १२ ते २० भेटी, सरावाच्या भेटी तासा-दीड तासाच्या, असं उत्तर आलं तर ते अपेक्षित आहे. ‘आपण बोलत राहू, हळूहळू बरं वाटेल’ असं आलं, किंवा सायकॉलॉजिस्टही तुमच्यासारखं ‘काही होणार नाही हो’ म्हणत धीर देत राहिले, तर दुसरीकडे जा. व्हिडिओवरची भेट इथे दुय्यम समजू नका. तुमच्या दुधाची पिशवी, बेसिन, कडी सगळं घरीच आहे, दवाखान्यात नाही.

नोंदणी तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये असते आणि नंबर विचारण्यात संकोच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पत्नींना आपली वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्क दिला आहे, गोपनीयतेचाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, हेही त्याच कायद्यात आहे. पॉलिसीत ओपीडी बसते का, ते मात्र वाचून घ्या. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था इथे ओपीडी चालते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. त्यावर ईआरपी होणार नाही, पण जवळ कुठे जायचं ते कळेल. आणि पत्नींनी ‘यापेक्षा मरण बरं’ असं एकदाही म्हटलं, तरी शिडी-बिडी बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा.

उपचार चालतोय की नाही, हे रडण्यावरून किंवा एखाद्या वाईट रविवारवरून ठरवू नका. दर चार आठवड्यांनी तीच दहा प्रश्नांची पट्टी पुन्हा भरून मागा. मूळ आकड्यात साधारण ३५ टक्के घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात. तुमच्या बाबतीत २७ वरून १७ च्या आसपास. पंधरा-सोळा नीट केलेल्या भेटींनंतरही आकडा पंचविशीतच राहिला, तर औषध, डोस, लपलेले विधी आणि घरातलं सहकार्य या चारही गोष्टी पुन्हा तपासायला सांगा.

या आठवड्यात यांतलं काहीच सुरू झालं नाही तरी चालेल. कालनिर्णयवर काड्या मात्र आजपासून मारा, आणि तो आकडा पत्नींना चूक दाखवायला नाही, पुढच्या भेटीत सायकॉलॉजिस्टसमोर ठेवायला घेऊन जा.